आतून कडी नसलेले घर

फार जुन्या काळची ही गोष्ट. त्या काळी राज्ये लहान होती, रस्ते लांब होते आणि माणसांची तोंडे आजच्याइतकीच मोठी होती.

नदीच्या वळणावर विणकरांचे एक गाव होते. गावात एक प्रार्थनामंदिर होते आणि त्या मंदिराची एक मंडळी होती. या मंडळीला स्वतःच्या पारखीचा भारी अभिमान. बैल घ्यायचा तो दात बघून, कापड घ्यायचे ते उजेडात धरून, आणि पाळक नेमायचा तो उलटासुलटा करून, अशी त्यांची रीत. पाळक म्हणजे मंडळीला उपदेश करणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा, मेलेल्याला माती देणारा माणूस. असा माणूस पारखून घ्यावा, यात वावगे काहीच नाही. पण सहा वर्षांत या गावाने चार पाळक पारखून घेतले आणि चारही निघून गेले. तरी आपल्यात काही खोट असेल, असे कुणाच्या मनात आले नाही. नाचता येईना, अंगण वाकडे.

पाचव्याचा शोध चालू असताना एक नवरा-बायको त्या गावात आले. ही गोष्ट त्या बायकोची आहे.

तिचा नवरा पाळक होता, पण अकरा महिने त्याला मंडळी नव्हती. आधीच्या गावात एक दारुडा ओढ्यात बुडून मेला. तिथले पंच म्हणाले, असल्याला आपल्या दफनभूमीत जागा नाही. नवऱ्याने भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, स्वतः खड्डा खणला आणि त्या माणसाला माती दिली. दुसऱ्या दिवशी त्यांना घर सोडावे लागले. तेव्हापासून ही दोघे आणि त्यांच्या तीन मुली तिच्या भावाच्या गोठ्यात राहत होती. भाऊ भला होता. भावजय मात्र भाकरी वाढताना दर वेळी किती उरल्या ते टोपलीत डोकावून बघायची. आता थंडी तोंडावर आली होती. या गावाने होकार दिला तर मुलींना छप्पर मिळणार होते, नाहीतर पुन्हा गोठाच होता.

सकाळी नवऱ्याने उपदेश केला, आणि चांगला केला. मग पाच पंचांनी त्याला समोर बसवले. ती मागच्या बाकावर बसून ऐकत होती.

"छातीत कफ आहे का?" थोरल्या पंचांनी विचारले. "मागच्याला होता. अर्धा हिवाळा नुसता खोकण्यात गेला."

"नाही."

"तीन मुलीच? मुलगा नाही?"

"नाही."

"आधीच्या गावात पंचांचा शब्द मोडलात म्हणे. इथे मोडाल?"

नवऱ्याने एकदा वळून तिच्याकडे बघितले. मग मान खाली घालून म्हणाला, "नाही मोडणार."

तिला वाटले, कुणीतरी आपल्याच गालावर चापट मारली. ज्या माणसाने भर दुपारी खड्डा खणला होता, तो हाच. अकरा महिन्यांनी त्याला इथवर आणले होते.

तेवढ्यात थोरल्या पंचांची बायको तिला पाळकाचे घर दाखवायला घेऊन गेली. घर बरे होते. दोन खोल्या, मागे परसू, चुलीपाशी उजेड. ती मनातल्या मनात मुलींच्या अंथरुणांच्या जागा ठरवू लागली. वळून बघते तो पंचांच्या बायकोने तिचे गाठोडे सोडले होते आणि एकेक लुगडे झटकून बघत होती.

"राग मानू नका हो, पाळकीणबाई. माणसाची टापटीप कळते."

लुगडी दोनच होती, त्यामुळे बघणे लवकर संपले. मग दार लावून बघावे म्हणून ती दाराशी गेली.

"याला आतून कडी नाही का?"

"आतून कशाला हवी? घर मंडळीचं आहे. आम्हाला वाटलं की आम्ही येतो, बघतो, जातो. पाळकाच्या घरात लपवण्यासारखं काय असतं?"

तिने दाराच्या फळीवर बोटे फिरवली. खिळ्यांची भोके होती, एकाखाली एक, चार जागी. चार वेळा कुणीतरी कडी ठोकली होती आणि चार वेळा कुणीतरी ती उपटून काढली होती. तिला सगळे उमगले. ती मुकाट्याने गाठोडे बांधून बाहेर आली.

या गावची आणखी एक रीत होती. पंच विचार करायला बसले, की पाळकाने बायकोसकट बाहेर चिंचेखाली उभे राहायचे. बसायचे नाही. निर्णय झाला तरी पंच मुद्दाम वेळ लावायचे. थोरले पंच म्हणायचे, "उभा ठेवला की माणूस मऊ होतो." चिंचेची सावली तेव्हा पलीकडे गेली होती. दोघे उन्हात उभे राहिले. तिने त्याला कडीचे सांगितले, गाठोड्याचेही सांगितले.

बऱ्याच वेळाने आतून हाक आली. सगळी मंडळी बसली होती.

थोरले पंच म्हणाले, "तुम्ही आम्हाला पसंत आहात. सामान कधी आणताय?"

नवऱ्याचे डोळे भरून आले. त्याचे हात जोडले जाणार, इतक्यात ती पुढे झाली.

"थांबा. आमचं व्हायचंय अजून."

"तुमचं काय व्हायचंय?"

"पसंती. तुम्ही आम्हाला बघितलंत, आम्ही तुम्हाला बघितलं. आता आम्हालाही विचार करायचाय. तुम्ही सगळे जरा बाहेर चिंचेखाली उभे राहा. ठरलं की बोलावते."

मंदिरात अशी शांतता त्या गावाने प्रार्थनेच्या वेळीसुद्धा कधी पाळली नव्हती.

थोरल्या पंचांचा चेहरा लाल झाला. "गरज तुम्हाला आहे, बाई. अडला हरी, गाढवाचे पाय धरी." बोलून गेल्यावर यात गाढव कोण ठरले, हे त्यांच्या ध्यानात आले. मागच्या बाकांवर कुणीतरी खुसकन हसले.

ती म्हणाली, "गरज आहेच. म्हणून तर पाय नीट बघून घेते."

गावची म्हातारी सुईण काठी टेकत उठली. "चला गं बायांनो. आपण कुणाला पसंत पडतो का, ते तरी कळू दे." ती बाहेर गेली, तिच्यामागे बायका गेल्या, बायकांमागे पुरुष गेले. रिकाम्या बाकांपुढे पंच तरी किती वेळ बसणार? तेही पाय आपटत गेले.

मंदिरात दोघेच उरले. नवरा बाकावर टेकला.

"अगं, हे काय केलंस? घेऊन टाकू ना. कडी मी लावून घेईन."

"चौघांनी लावली होती."

"मग बिनकडीचं राहू. तिघींना गोठ्यात दुसरी थंडी काढायला लावायची का?"

धाकटीचे थंडीने फुटलेले ओठ तिच्या डोळ्यांपुढे आले. मग ती म्हणाली, "गोठ्यात थंडी वाजेल. पण इथे तुम्ही रोज मान खाली घालाल, आणि मुली ते बघत मोठ्या होतील. मघाशी तुम्ही नाही मोडणार म्हणालात ना, तेव्हा मला तुमची ओळखच पटली नाही."

बाहेरून निरोप आला, "किती वेळ अजून? ऊन लागतंय." ती दाराशी जाऊन म्हणाली, "ठरतंय," आणि परत येऊन बसली.

शेवटी नवरा हसला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. "बोलाव त्यांना," तो म्हणाला.

मंडळी घाम पुसत आत आली. तिने दोनच गोष्टी मागितल्या. आतून कडी हवी, आणि आधीचे चार पाळक का गेले, ते आत्ता सगळ्यांसमोर सांगायला हवे.

"एक खोकणारा," थोरले पंच म्हणाले. "दुसरा गर्विष्ठ. तिसऱ्याची बायको भांडकुदळ."

"भांडकुदळ नव्हती," चौथ्याचे नाव निघण्याआधीच सुईण म्हणाली. "तिला कळा येत होत्या. तुम्ही दोघे पंच त्या खोलीत शिरलात, मडक्यात तांदूळ किती उरलेत ते बघायला. ती ओरडली. ओरडणारच. मी तिथे होते आणि मी गप्प बसले. ते मला अजून डाचतं."

कुणी वर बघेना. क्षणभर वाटले, काहीतरी बदलेल. पण थोरल्या पंचांनी मान झटकली. "कडी लागणार नाही. पाळक मंडळीचा, घर मंडळीचं."

"मग तुमची मंडळी आम्हाला नापसंत आहे," ती म्हणाली आणि तिने गाठोडे उचलले.

नवरा तिच्या शेजारी उभा राहिला. "मघाशी मी खोटं बोललो, पंच. तुमचा शब्द चुकीचा असता तर मी मोडला असता. मागेही मोडला, पुढेही मोडेन."

गावाबाहेर पडल्यावर दोघेही रडले. ती थंडी त्यांना फार जड गेली. भावजयीचे टोपलीत बघणे काही थांबले नाही. थंडी सरता सरता धनगरांच्या एका वस्तीतून बोलावणे आले. तिने तिथेही विचारले, आधीचा पाळक का गेला? वस्तीतला म्हातारा म्हणाला, "आजारी पडला होता. आमच्यापैकी कुणीही त्याला बघायला गेलं नाही. लाज वाटते, बाई, पण खरं तेच आहे." तिने नवऱ्याकडे बघितले. त्याच आठवड्यात ते तिथे राहायला गेले. छप्पर दोन ठिकाणी गळत होते, पण दार आतून लागत होते. त्या वस्तीत ती दोघे म्हातारी झाली.

आणि विणकरांच्या गावाला काय मिळाले? स्तुतीचे हे जाडजूड पत्र घेऊन एक गोरागोमटा पाळक आला. ते पत्र त्याच्या आधीच्या मंडळीने लिहिले होते, ब्याद टळावी म्हणून, हे कुणाला ठाऊक? पंचांनी पत्राची जाडी बघितली. त्याने नेमणूक जन्मभराची लिहून मागितली, यांनी दिली. त्याने गावाला काही विचारले नाही. कडीबद्दल तर ब्रसुद्धा काढला नाही.

पहिल्याच उपदेशात तो म्हणाला, "पाळकाच्या घराला कडी नको, ही तुमची रीत मला फार आवडली. मग मंडळीच्या घरांना तरी कशाला हवी? लेकरांनी बापापासून काय लपवायचं?" मंडळीने सवयीने आमेन म्हटले. म्हणून झाल्यावर अर्थ कळला. दुसऱ्या दिवशी लोहार गावभर कड्या उपटत फिरला, आणि सुरुवात मानाप्रमाणे थोरल्या पंचांच्या घरापासून झाली.

तेव्हापासून नवा पाळक वाटेल तेव्हा येई, मडक्यांवरची झाकणे काढून बघे आणि आवडेल ते वाढून घेई. थोरले पंच आणि त्यांची बायको पाळीपाळीने जेवत. एक जेवे, आणि दुसरे दाराला पाठ लावून उभे राही.

दुसऱ्याला पारखायला बसणाऱ्याने आधी स्वतःला पारखू द्यावे.