केराबाईच्या नोंदी

“मग आपण तिला जाब का विचारत नाही, बुवा?”

विचारणारा कौस्तुभ. पुण्याचा, संगणकाचा माणूस. दोन महिने सेवेसाठी मठात राहायला आला आणि आठवड्याभरात आम्हा सगळ्यांना सुधारायला लागला.

निरंजनबुवा ओसरीवर शेंगा सोलत होते. म्हणाले, “कसला जाब?”

“खोट्या नोंदींचा. दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाची चावी कधी घेतली आणि कधी परत केली, हे प्रत्येकानं वहीत लिहायचं असतं. त्या वेळा मी संगणकात भरल्या. केराबाई चावी घेण्याआधीच परत करते. तेरा दिवस, रोज.”

“असं कसं होईल?”

“तेच म्हणतो मी. वेळा मागाहून मनानं लिहिते ती.”

“गोळ्या कमी भरल्या?”

“दोनदा मोजल्या. एकही कमी नाही.”

“मग?”

“म्हणून तर जास्त संशय येतो. फार सफाईनं चाललंय.”

बुवांनी एक शेंग फोडली. दाणा किडका निघाला, तो बाजूला ठेवला.

“चावी घेणाऱ्या बाकीच्या तिघांचं काय?”

“त्यांचं चोख आहे.” कौस्तुभ पुढं सरकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “बुवा, ती नदीपलीकडच्या वस्तीतली. त्या लोकांचं आपल्याला ठाऊक आहेच.”

बुवांनी आणखी एक शेंग फोडली.

मी तिथंच बसलो होतो. परवा त्यानं केराबाईकडून चावी काढून घेतली तेव्हा मीही मान डोलावली होती. लपवण्यात अर्थ नाही. नऊ वर्षं ती कपाट सांभाळत होती, आणि मला संगणकाच्या एका कागदानं पटलं. तेव्हापासून ती दवाखान्यात आली नव्हती.

“कागद आण,” बुवा म्हणाले. “बाकीच्यांच्या वेळा वाच.”

“दोन दहाला घेतली, चार पाचला दिली. तीन वाजता घेतली, पाचला दिली. सगळे दुपारचे.”

“आणि केराबाईची?”

“नऊ पंचेचाळीसला घेतली, दहा वीसला दिली. नऊ पन्नास, दहा पंधरा. रोज असंच.”

“तुला वाचून काय वाटतं? आधी नऊ की आधी दहा?”

“नऊच. पण बुवा, यंत्र पक्षपात करत नाही. ते म्हणतंय दहा आधी, म्हणजे काहीतरी…”



बुवांनी कागद मांडीवर घेतला. केराबाईच्या ओळीवर दोन्ही हातांची बोटं अशी ठेवली, की ‘९:४५’मधला ९ तेवढा दिसावा आणि ‘१०:२०’मधला १ तेवढा.

“आता यातलं आधी कोण?”

“एक.”

“आणि मागून?”

“नऊ…”

कौस्तुभ कागदाकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले.

म्हणाला, “संगणकाची ही भाषा मला नवी आहे, बुवा. जुन्या भाषेत मी वेळ दिली की ती वेळ म्हणूनच घेतली जायची. हिला वेळ आहे असं सांगावं लागतं. मी सांगितलं नाही. तिनं ती नुसती अक्षरं समजून लावली. शब्दकोशात शब्द लावतात तशी, पहिलं अक्षर बघून.”

“हं.”

“दुपारी सगळे आकडे एकेरी, म्हणून तिथं बिघडलं नाही. नवाला घेऊन दहाला देणारी ती एकटीच…”

बुवा पुन्हा शेंगा सोलू लागले.

मला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. कौस्तुभाला मात्र हायसंच वाटलं असावं. तो उठला, कागदाची घडी घातली.

“आपण काळजी करू नका. एका ओळीची चूक आहे. दोन मिनिटांत दुरुस्त करतो. चावी कुणाच्या तरी हाती तिच्या घरी पाठवून देतो. कुणाला कळायचंही नाही.”

“बस.”

तो बसला.

“परवा तिच्याकडून चावी मागितलीस, तेव्हा दवाखान्यात किती माणसं होती?”

“रांग होती, बुवा… पंचवीस-तीस असतील.”

“सगळ्यांनी ऐकलं?”

“…हो.”

बुवांनी सोललेले दाणे सुपात सारले.

“मग दुरुस्ती दोन मिनिटांत कशी होईल?”