साळिंदराचा वाकडा पावा

फार जुनी गोष्ट. रानात एक साळिंदर आपल्याच काट्याने भोकं पाडून बांबूचे पावे करायचं. त्याची भोकं अगदी एका ओळीत असायची आणि त्याचा त्याला भारी तोरा!

एकदा खार त्याचा खर्जाचा लांब पावा परत घेऊन आली. "साळिंदरदादा, माझी बोटं पोचत नाहीत हो."

"मग आखूड पावा घे."

"त्याचा आवाज बारीक. तसला आवाज माझ्याकडे आहेच की!"

साळिंदराने जुना पावा बाजूला ठेवला. त्याने तेवढाच लांब नवा बांबू तिच्या हातात दिला आणि बोटं सहज टेकली तिथेच भोकं पाडली. ओळ मोडताना त्याच्या अगदी जिवावर आलं.

"शी, किती वाकडी भोकं!" शेजारचं अस्वल हसलं आणि पाठ फिरवून निघालं.

खारीने फुंकर घातली. खर्ज झाडीत घुमला, तसं अस्वल दचकून मागे वळलं. "कोण आलं रे एवढं मोठं?"