न चुकलेलं भाकीत

आज त्या राज्याचं नावही कुणाला आठवत नाही, इतक्या जुन्या काळी तिथल्या राजधानीत विश्रुत नावाचे एक शल्यवैद्य राहत. कवटीच्या तळाशी, मेंदू जिथे टेकलेला असतो तिथे, गाठ वाढली की लोक रोग्याला त्यांच्याकडे आणत. जागा मोठी अवघड. डोळ्यांच्या, चेहऱ्याच्या, गिळण्याच्या नसा तिथूनच जातात.

वैद्यराज रोग्याला घोटभर पाणी पाजून बघत, जीभ बाहेर काढायला लावत, डोळे फिरवायला सांगत आणि मग निकाल देत. "वाचेल" म्हणाले की शस्त्र हाती घेत. "वाचणार नाही" म्हणाले की रोग्याला घरी धाडत. वीस वर्षांत त्यांचं भाकीत एकदाही चुकलं नाही, असं सारं राज्य म्हणे. ऐकून ऐकून त्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं.

एके दिवशी भिवरा नावाची कोष्टीण आपल्या भावाला घेऊन आली. त्याला एकाचे दोन दिसत होते, घास घशात अडकत होता. वैद्यराजांनी तपासलं आणि मान हलवली.

"घरी घेऊन जा, बाई. हा वाचणार नाही."

"नक्की?"

"माझा शब्द आजवर खोटा ठरलेला नाही."

भिवराने डोक्यावरचा पदर मागे सारला. कानामागे लांबलचक जुना व्रण होता. ओठाचा एक कोपरा खाली ओढला गेला होता.

"सात वर्षांपूर्वी हाच शब्द तुम्ही मला दिला होता, वैद्यराज."

विश्रुतांनी वाकून तो व्रण निरखला.

"कुणी... कुणी काढली गाठ?"

"सीमेवरच्या गावात एक म्हातारी वैद्यीण आहे. ती म्हणाली, 'तू वाचशील की नाही, मला ठाऊक नाही. कान जाईल, तोंड वाकडं होईल, एवढं बहुतेक होईलच. तरी करू का?' मी म्हटलं, करा."

"मग मला कळवलं का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्याच दिवशी वैद्यराज त्या दोघांबरोबर सीमेकडे निघाले. वाटेतल्या गावांत त्यांचे जुने रोगी राहत होते. ते एकेका दारात जाऊन उभे राहू लागले.

पहिल्या घरी एक म्हातारा बाप भेटला. "तुम्ही नाही म्हणालात, म्हणून लेकीला आम्ही दुसऱ्या कुणाकडे नेलंच नाही," तो म्हणाला. "त्यानंतर दोन वर्षं जगली हो ती. रोज विचारायची, आणखी कुणी वैद्य नाही का?"



पुढच्या गावात त्यांनी स्वतः वाचवलेला एक माणूस होता. ते आशेने आत गेले. तो भिंतीला टेकून बसला होता. एक डोळा मिटत नव्हता. बायको कापसाच्या बोळ्याने त्याच्या तोंडात थेंब थेंब पेज सोडत होती.

"तुम्ही वाचेल म्हणाला होतात," ती शांतपणे म्हणाली. "वाचला. असा वाचेल, ते नव्हतं सांगितलंत."

वैद्यराज अंगणात आले आणि त्यांना भडभडून रडू आलं. ज्यांना नाही म्हटलं, त्यांच्यावर शस्त्र चाललंच नव्हतं. मग त्यातले बहुतेक मेले, यात भाकीत कसलं खरं ठरलं? आणि ज्यांना हो म्हटलं, त्यांच्या घरी ते आज पहिल्यांदाच आले होते.

सीमेवर म्हाताऱ्या वैद्यिणीने भिवराच्या भावाला काय काय होऊ शकतं ते एकेक करून सांगितलं. सगळं ऐकून तो "करा" म्हणाला. विश्रुत तिच्या हाताखाली उभे राहिले. भाऊ जगला. उजव्या डोळ्याची दृष्टी मात्र गेली.

राजधानीत परतल्यावर वैद्यराजांनी निकाल देणं सोडलं. "मला एवढं दिसतं, एवढं दिसत नाही, आता तुम्ही सांगा," असं ते रोग्याला म्हणत. वर्षातून एकदा प्रत्येकाच्या घरी जात, घरी धाडलेल्यांच्याही. लोक म्हणू लागले, म्हातारपणी यांची विद्या गेली. दारातली गर्दी ओसरली. पण त्यांच्या दारातून कुणी नुसता एक शब्द घेऊन मरायला गेला नाही.

म्हणून लहानथोरांनो, ज्याचं पुढे काय झालं हे आपण जाऊन पाहिलं नाही, त्याच्याबद्दल आपण कधी चुकलो नाही असं म्हणू नये.