अध्यक्षांच्या कार्डाचा तुकडा

जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत इलेक्ट्रॉनिक इग्निशनला बंदी होती. ठिणगी पॉइंटनेच, म्हणजे टेकून सुटणाऱ्या धातूच्या दोन टोकांनीच पडली पाहिजे, असा आमच्या कोल्हापूरच्या क्लबाचा नियम. माझी चोपन्नची मॉरिस मात्र इतकी एकसुरात चालू होती, की अध्यक्ष रणधीरराव खर्डेकरांना संशय आला.

“हे पॉइंट नुसते दाखवायला. आत सर्किट लपवलंय. गाडी बाद!”

आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या मलाही घाम फुटला. माझी गाडी दुरुस्त करणाऱ्या दिलावर मिस्त्रीने मला न विचारता खरंच तसं काही बसवलं नसेल ना?

दिलावरने गाडी बंद केली. “साहेब, तुमचं कार्ड द्या की जरा.”

कार्डावरचा ‘अध्यक्ष’ एवढाच तुकडा फाडून त्याने तो दोन पॉइंटांच्या फटीत खोचला आणि स्टार्टर मारला. इंजिन नुसतं घरघरलं. आत सर्किट असतं, तर पॉइंट अडवूनही इंजिन सुरू झालं असतं. तुकडा काढताच गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

“म्हणजे काय?” अध्यक्ष गुरगुरले.

“लपवलेलं काही नाही, साहेब. फक्त अध्यक्ष मध्ये आले की बंद पडते.”

रणधीररावांनी निमूटपणे काचेवर क्रमांक चिकटवला. दिलावरच्या नजरेला नजर द्यायला मात्र मला मिरवणूक संपेपर्यंत धीर झाला नाही.