आजाऱ्याचं ताट

"म्हणजे आजही पानाला हात लावणार नाही?"

दाजीबाचा आवाज चढलाच. समोर गरम भाकरी, वरणभात, वर तुपाची धार. आणि भैरवबुवा भिंतीकडे तोंड करून बसलेले.

त्या मठाचा नेम होता मधुकरीचा. पाच दारी स्वतः जायचं, झोळीत पडेल ते खायचं. पावसाळा सरता सरता बुवांचे पाय लुळे पडले. तेव्हा दाजीबानं परस्पर गावात सांगून टाकलं, बुवांची मधुकरी आता मठात आणून द्या. बायाबापड्या ताटं घेऊन येऊ लागल्या. शिष्य असावा तर असा, असं जो तो म्हणू लागला. ते ऐकून दाजीबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

बुवा मात्र वाळत चालले. आधी हसणं गेलं, मग बोलणं. कालपासून अन्नही सुटलं. दाजीबा पुरता धास्तावला होता.

"काय खुपतंय, सांगा तरी."

"ही मधुकरी नव्हे."

"मग काय आहे?"

"आजाऱ्याचं ताट."

बुवांनी खुंटीखालची झोळी ओढून गळ्यात अडकवली. दोन्ही तळवे भुईला टेकले आणि बसल्या बसल्या अंग पुढे ढकललं.

दाजीबानं धावत जाऊन काखेत हात घातला. फाडकन त्याच्या मनगटावर फटका बसला.

मग तो दारातच आडवा उभा राहिला.

"धडधाकट शिष्य घरात, आणि गुरू धुळीतून सरपटतोय! गाव माझ्या तोंडात शेण घालेल, बुवा!"

बुवा सरकत त्याच्या पायापाशी आले. त्यांनी झोळी वर धरली.

"भिक्षा वाढ."

"मी... मी काय वाढू?"

"तुझी सेवा. घाल झोळीत, आणि हो बाजूला."

दाजीबाला रडू फुटलं. रागाचं की लाजेचं, त्याचं त्यालाच कळेना. पण तो बाजूला झाला.

पहिलं घर हौसाबाईचं. बुवांना तसं येताना पाहून ती भाकरी घेऊन पायऱ्या उतरू लागली.

"तिथंच थांब, बाई! मी येतो."

एकेक पायरी बुवा हातांवर चढले. तळवे सोलवटले, धाप लागली. दाजीबाचे हात दोनदा पुढे झाले, दोनदा त्यानं ते मागे घेतले. उंबऱ्याशी पोचल्यावर बुवांनी हाक दिली. आळीतली कुत्रीसुद्धा उठून बसली.

हौसाबाईनं डोळ्याला पदर लावला.

"रडतेस काय? भाकरी करपलीय का?"

ती रडता रडता हसली. बुवाही हसले. कितीतरी दिवसांनी दाजीबानं ते हसणं ऐकलं. किती मिरवलो आपण, असं त्याला वाटलं.

पुढच्या घराकडे वळताना त्याला राहवेना.

"बुवा, उद्या हातांनीही दगा दिला तर?"

"असेन तिथूनच हाक मारीन."

"आवाज बसला तर?"

"डोळ्यांनी मागेन."

"आणि डोळेच मिटले तर...?"

बुवांनी तळव्यांची धूळ झटकली आणि पुढचं दार बघितलं.

"तेव्हा उचल. पण चौघं लागतील, एकट्याला झेपायचं नाही."