सोडण्याची आज्ञा

“मग सोडताना आज्ञा कुणाची घ्यायची, अक्का?”

अक्कांनी सुपातल्या तांदळातला एक खडा वेचला आणि बाजूला टाकला.

“महाराजांच्या मंडळात गेलीस, तेव्हा कुणाची घेतली होतीस?”

“तेव्हा?… तेव्हा आज्ञा लागते हेच ठाऊक नव्हतं. शेजारच्या मालूवहिनी जायच्या. त्यांच्याबरोबर गेले.”

“हं,” अक्का म्हणाल्या आणि दुसरा खडा शोधू लागल्या.

कृष्णाकाठच्या महादेवाच्या ओवरीत आम्ही तिघीच होतो. चातुर्मासात मी लक्षवातींचा नेम धरलाय. त्या वळायला दुपारची अक्कांपाशी जाऊन बसते. अक्का देवळातच राहतात. मंत्र देत नाहीत, गंडा बांधत नाहीत, कुणाला पाया पडू देत नाहीत. तरी लोक त्यांना गुरू म्हणतात आणि लांबून येतात.

ही बाई कराडहून एसटीने आली होती. नाव कुमुदिनी. वय माझ्याएवढंच, पन्नाशीचं. फाट्यापासून चालत आल्यामुळे दोन्ही पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले. पाय धुवायच्या रांजणाकडे न जाता ती तशीच ओवरीच्या कडेला टेकली, पाय खाली सोडून, आणि मंडळ सोडायचंय एवढं सांगून तिनं हा प्रश्न विचारला.

“आमच्याकडे आज्ञेशिवाय पान हलत नाही,” ती सांगू लागली. “मुलीचं लग्न महाराजांच्या आज्ञेनं. सोफ्याचं तोंड कुठं करायचं ते आज्ञेनं. मिक्सर घ्यायचा होता, तर…”

“मिक्सरला काय म्हणाले महाराज?”

“श्रावण झाल्यावर घ्या म्हणाले.”

“मग तोवर?”

“पाट्यावर वाटलं.”

“चटणी झकास झाली असेल.”

मला हसू फुटलं. कुमुदलाही येत होतं, पण तिनं ते ओठांतच आवरलं.

“हसण्यावारी नेऊ नका, अक्का. मी तिथं कुणी साधीसुधी नव्हते. गुरुवारी महाराजांचे पाय धुण्याचा मान माझा. आधी दूध, मग कोमट पाणी, मग मऊ पंचानं टिपायचं, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. तेच पाणी तीर्थ म्हणून सगळ्यांना वाटायचं. बायका त्या मानासाठी वर्षानुवर्षं वाट बघतात. महाराज एकदा भरल्या सभेत म्हणाले होते, कुमुदचा हात लागला की पायांचा शीण जातो.”

हे सांगताना तिची मान ताठ झाली होती. मला वाटलं, सोडायचं म्हणून आलीय खरी, पण हे एवढं हिच्याच्यानं सुटेल का?

“मग बिनसलं कशानं?” अक्कांनी विचारलं.



“मुलगी बाळंतपणाला आलीय. पहिलटकरीण.”

“बरं…”

“दिवस भरत आलेत. आणि गुरुपौर्णिमा तोंडावर आलीय. घरात बाळ जन्मलं की सोयर लागणार. सोयर असताना महाराजांच्या पायांना शिवायचं नाही. म्हणून मंडळाच्या प्रमुख बाईंचा निरोप आला, मुलीला सासरी पाठवा, पौर्णिमा झाली की हवं तर परत आणा.”

“पाठवलीस?”

“बॅग भरली होती.”

अक्कांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

“पोरगी निमूट दाराशी गेली चपला घालायला, तर त्या पायांत शिरेनात. इतके सुजलेले. वाकताही येत नाही बिचारीला. नुसती बोटं आत घालून तशीच उभी राहिली, माझ्याकडे बघत. आणि माझ्या तोंडून निघून गेलं… राहू दे. नको जाऊस.”

अक्कांचा हात सुपातच थांबला.

“सुजेचं डॉक्टरीणबाईंना दाखवलं?”

“दाखवलं. काळजीचं काही नाही म्हणाल्या. पाय उशीवर ठेवू द्या, कुणीतरी हलक्या हातानं चोळून द्या. पण माझं डोकं कुठं ठिकाणावर होतं, अक्का? रोज फोन. सेवा चुकवताय, सेवा चुकवताय. शेवटी मी प्रमुख बाईंना विचारलं, जन्माचा विटाळ महाराजांना कसा लागेल हो? तेही कुणाच्या तरी पोटीच आले ना?”

“मग? काय म्हणाल्या?”

हे मी विचारलं. राहवलंच नाही. अक्कांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी मान खाली घालून कापूस पिंजू लागले.

“म्हणाल्या, प्रश्न पडायला लागले की समजावं श्रद्धा आटली. आणि…” कुमुदचा आवाज एकदम खाली गेला. “आणि म्हणाल्या, महाराजांकडे जी पाठ फिरवते तिच्या घरात पाळणा हलत नाही.”

 माझ्या बोटांतली वात अर्धीच वळून राहिली.

कुमुदनं पिशवीतून तांब्याची एक छोटी कुपी काढली. तोंडाला लाल फडकं बांधलेलं.

“काल हे पाठवलं. महाराजांचं चरणतीर्थ. मुलीला पाजा, पौर्णिमेला या, सगळं पोटात घालू म्हणाल्या… रात्रभर देवापाशी ठेवलं होतं. पाजवत नाही, अक्का. पोटुशी आहे ती. आणि टाकवतही नाही. तुळशीत ओतू? नदीत सोडू? कुणाच्या पायदळी आलं तर? आणि त्या बाई म्हणाल्या तसं खरंच काही झालं तर?… माझं डोकं चालत नाही. तुम्ही सांगाल ते करीन. तुम्ही आज्ञा द्या.”

“मी?”

“हो.”

“म्हणजे त्यांची आज्ञा मोडायला तुला माझी आज्ञा पाहिजे.”



अक्कांनी सूप बाजूला सारलं. गुडघ्यांवर हात टेकत उठल्या आणि दोन पायऱ्या उतरून तिच्यासमोर बसल्या. तिच्या हातातली कुपी घेतली. फडकं सोडलं. वास घेतला.

“गुलाबपाणी घातलंय गं.”

“हो. मीच घालायचे.”

“पाय पुढं कर.”

“काय?”

“चिखल बघ केवढा. देवाच्या दारात आलीस ना?”

तिला उमगायच्या आत अक्कांनी कुपी तिच्या पायावर कलती केली.

कुमुद किंचाळलीच. “अहो अक्का! महाराजांच्या पायांचं पाणी… माझ्या पायांवर? कुठं फेडू हे!”

तिनं पाय मागं ओढला, पण घोटा अक्कांच्या मुठीत होता. अक्का अंगठ्यानं चिखल काढत होत्या. आधी टाच, मग तळवा.

“दुसरा,” अक्का म्हणाल्या.

…

दुसरा पाय कुमुदनं आपणहून पुढं केला.

कुपी एवढीशी. तीर्थ पहिल्या पायालाच संपलं होतं. अक्कांनी मला खूण केली. मी रांजणातलं पाणी तांब्यानं आणून दिलं. साधंच पाणी. त्यानं दुसरा पाय धुऊन झाला. मग अक्कांनी आपल्या लुगड्याच्या पदरानं दोन्ही पाय पुसले, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.

गढूळ पाणी पायऱ्यांवरून ओघळत खालच्या चिखलात गेलं. मी टक लावून बघत होते, काही होतं का म्हणून. काही झालं नाही. चिखल तेवढा थोडा पातळ झाला.

कुमुद कधीची रडत होती ते माझ्या लक्षातच आलं नाही.

“आईनं लहानपणी धुतले असतील तेवढेच,” ती म्हणाली. “त्यानंतर माझे पाय कुणी…”

पुढं तिला बोलता येईना. नाक ओढून तिनं डोळे पुसले. अक्का परत वर येऊन सुपापाशी बसल्या. तीही पाय वर घेऊन त्यांच्यासमोर आली. आणि तिचा चेहरा असा उजळला की मलाच बरं वाटलं. देवळात येऊन बाईमाणूस हलकं होऊन जावं, एवढंच तर आपण मागतो.

“सापडलं मला, अक्का! आता तुमचे हेच पाय माझे. दर गुरुवारी येत जाईन. येताना दूध आणीन, पंचा आणीन, तुम्ही फक्त…”

बोलता बोलता ती वाकली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले.

अक्कांनी पाय आखडून लुगड्याखाली घेतले.

कुमुदचे हात लुगड्याच्या काठापाशी चाचपत राहिले. हाताला नुसती फरशी लागत होती.

“असं नका करू हो. या हातांना सवय आहे. पाय नसले तर ते… रिकामे रिकामे वाटतात.” ती तशीच ओणवी राहिली. “तुम्ही धरू देत नाही, तिथले मी सोडले. मग धरू तरी कुणाचे?”

अक्कांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. तांदळातून एकदा हात फिरवला.

“पोरीच्या पायांत चपला शिरत नाहीत म्हणालीस ना?… पाचची एसटी मिळेल तुला. गेल्यावर तेल कोमट करून घे.”