राणीसाहेबांनी वाढलेली पंगत

एकदा एका राणीने राज्यकारभार मुलाच्या हाती सोपवला, अंगावरचे दागिने सुनेला दिले आणि उरलेले आयुष्य सेवेत घालवण्यासाठी ती नदीकाठच्या एका मठात येऊन राहिली. सोबत दासी नव्हती. मेणाही तिने वेशीवरूनच परत पाठवला होता. असा त्याग लाखांत एखादीलाच साधतो, यात शंका नाही.

त्या मठात भिवरा नावाची एक शिष्या होती. ऐन तारुण्यात ती मठात आली होती. आता तिचे केस पिकू लागले होते. दररोज दुपारी मठाच्या ओसरीवर गोरगरिबांची पंगत बसे आणि तिथे वाढण्याचे काम भिवरेकडे असे. मन मात्र तिचे गाभाऱ्यात होते. देवासाठी चंदन उगाळण्याची सेवा हा त्या मठातला सर्वांत मोठा मान. ती सेवा करणारी वृद्धा नुकतीच निवर्तली होती आणि आता सहाण आपल्याच हाती येणार, असे भिवरा धरून चालली होती.

राणीने आल्या आल्या मठाच्या वृद्ध गुरूंना विनंती केली, "महाराज, आज पंगतीला मी वाढते."

गुरू भिवरेला म्हणाले, "पहिला भात तू वाढ. नंतर बाईंना वाढू दे."

पहिला भात झाला. लोक जेवू लागले. इतक्यात राणी हाती परात घेऊन ओसरीवर आली आणि सारी पंगत ताडकन उठून उभी राहिली. खरकटे हात जोडले गेले. "राणीसाहेबांचा जय असो!" असा एकच गजर झाला. राणीच्या डोळ्यांत पाणी तरळले. खांबाआड उभ्या असलेल्या भिवरेचा मात्र नुसता जळफळाट झाला. 'इतकी वर्षे माझी कंबर मोडली, पण कुणी मान वर करून पाहिले नाही. हिने अजून एक मूद वाढली नाही, तोच जयजयकार!'

मत्सराची नजर अधू नसते बरे का! तिला सगळे दिसते, फक्त अर्थ ती आपल्या सोयीचा लावते. पंगतीनंतर पाने उचलताना भिवरेला दिसले की पानोपानी भात तसाच पडला आहे. तिला वाईट वाटायला हवे होते. तिला आनंद झाला. ती तडक गुरूंकडे गेली.

"महाराज, बघितलंत ना? राणीसाहेबांना वाढायचा अंदाजच नाही. केवढं अन्न वाया गेलं!"

"पाहिलं मी," गुरू म्हणाले आणि जप करू लागले.

दुसऱ्या दिवशी पंगतीच्या थोडे आधी गुरूंनी राणीला गाभाऱ्यात नेले, सहाणेपाशी बसवले आणि चंदनाचे खोड तिच्या हाती दिले. भिवरेने ते पाहिले. ती कोठीत गेली, आपली दोन लुगडी तिने गाठोड्यात बांधली आणि गुरूंपुढे येऊन उभी राहिली.

"मी निघाले महाराज. आम्ही मरमर राबावं आणि आयत्या बिळावर नागोबानं येऊन बसावं, हा कुठला न्याय? अन्नाची नासाडी करणारीला गाभारा, आणि मला तीच परात!"

गुरू रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "भिवरे, पानावरून उठलेला माणूस त्याच पानावर पुन्हा जेवायला बसतो का?"

"नाही. एकदा उठला की जेवण संपलं."

"आणि राणी समोर उभी असताना रयत बसून राहते का?"

भिवरेची नजर ओसरीकडे गेली.

गुरू म्हणाले, "काल तुला टाकलेला भात दिसला. उपाशी उठलेली माणसं दिसली नाहीत. मी 'बसा, बसा' म्हणेपर्यंत ती पानं सोडून उभी होती. दिवसातून एकदाच जेवणारी माणसं ती, बाईंनी वाढण्याआधीच मुकाट्यानं हात धुऊन गेली. बाईंची चूक नव्हती. त्यांच्यासमोर लोक जन्मभर उभेच राहत आले, त्यात काही वावगं आहे हे त्यांना कळणार कसं? रात्री मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्या पुष्कळ रडल्या. म्हणाल्या, 'मग मला असं काम द्या, जिथं मी कुणाला दिसणार नाही.' गाभाऱ्याचं दार बंद असतं, म्हणून त्या तिथं आहेत. तू त्याला मान म्हणतेस. त्यांच्यासाठी तो पडदा आहे."

ते पुढे म्हणाले, "आणखी एक बोलल्या त्या. 'ती बाई वाढायला आली की लोक मान खाली घालून जेवत राहतात. तिचा मला फार हेवा वाटतो.' आता तुला जायचं असेल तर जा. पंगतीची वेळ मात्र झाली आहे."

भिवरेने गाठोडे खाली ठेवले. तिने परात उचलली आणि ती ओसरीवर गेली.

पंगत बसली आणि तिने पहिला भात वाढला. नेहमीप्रमाणे कुणी तिच्याकडे पाहिले नाही. कडेच्या पानावर एक म्हातारा भराभर जेवत होता. समोर परात आल्याचे जाणवताच त्याने मान वर न करता बोटाने पान पुढे सरकवले.

"अंमळ जास्त वाढ गं बाय. कालच्यानं उपाशीच हाय."

भिवरा वाकली आणि तिने दोनदा भात वाढला. म्हातारा खालमानेने जेवत राहिला. कोण वाढते आहे, हे त्याला ठाऊकही नव्हते. त्याचे पोट भरेपर्यंत भिवरा तिथेच, त्याच्या पानाशी वाकून उभी राहिली.